आपल्या काळ्या जमिनीवर मेटल डिटेक्टर फिरवण्याआधी

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याची शेतं गावकरी रात्री-रात्री खणत होते. 'छावा' चित्रपट नुकताच गाजला होता, त्यात बऱ्हाणपूरच्या मोगली खजिन्याचा विषय होता, आणि कुणाला तरी जुनी नाणी सापडल्याची बोलवा पंचक्रोशीत पसरली होती. मोबाइलचे दिवे, चाळण्या, कुदळी, आणि काहींच्या हातात मेटल डिटेक्टर. पुढे पोलीस आले, खणणं थांबलं. मागे उरली ती खड्ड्यांनी भरलेली शेतं.

इथे मला बोलायचं आहे ते त्या यंत्रांबद्दल. असीरगड सातपुड्यातल्या काळ्या पाषाणावर उभा आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली हाच पाषाण आहे. या जमिनीवर नीट न जुळवलेलं यंत्र फिरवलं, तर ते धातू नसतानाही वाजतं आणि धातू असूनही गप्प राहतं. ज्याला हे ठाऊक नाही त्याला प्रत्येक आवाजात हंडा दिसतो, आणि प्रत्येक आवाजामागे एक खड्डा पडतो. आता ही यंत्रं ऑनलाइन बाजारात काही हजारांत मिळू लागली आहेत. सुट्टीत गावी येणारा मुलगा हौसेनं एखादं घेऊन येतो, वाड्यात वडीलधारी जुन्या गोष्टी काढतात, आणि दुसऱ्या दिवशी जोत्याशी पहार लागते. म्हणून ज्यांच्या घरी असं यंत्र आहे किंवा यायचं आहे, त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: धन शोधण्याआधी जमीन वाचायला शिका. यंत्राच्या पडद्यावर जमिनीबद्दलचे आकडे असतात. लोक नेमके तेच सोडून देतात.

जमिनीचा यात काय संबंध, ते आधी समजून घेऊ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून आपलं पठार झालं. आज तो खडक पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे. त्या लाव्ह्यात लोह आणि टायटॅनियम होतं. थंड होताना त्याचे मॅग्नेटाइटच्या जातीचे बारीक काळे कण झाले. हे कण चुंबकाला चिकटतात, आणि खडक थंड झाला तेव्हा पृथ्वीचं चुंबकक्षेत्र ज्या दिशेचं होतं ती दिशा त्यांच्यात गोठून राहिली आहे. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी दख्खनच्या खडकांचं हे गोठलेलं चुंबकत्व मोजून प्रसिद्ध केलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्या काळात या खडकांवर काम झालं. लाव्हा ओतला गेला तेव्हा भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि नंतर उत्तरेकडे सरकली, हे त्या मोजमापांतून दिसलं. खंडं सरकतात की नाही याचा वाद तेव्हा मिटलेला नव्हता, आणि आपल्या काळ्या दगडानं त्यात साक्ष दिली. तेच कण खडक झिजून मातीत आले, ओढ्यांनी वाहून नेले, काळ्या रानात मिसळले. मेटल डिटेक्टरला त्रास होतो तो त्यांचाच.

घरच्या घरी बघायचं असेल तर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ओढ्याच्या कोरड्या वाळूतून फिरवा. बाहेर काढलं की पिशवीला काळी बारीक भुकटी लागलेली दिसेल. मुलांना हे जरूर दाखवा. यंत्रावर एक रुपया खर्च करण्याआधी आपल्या मातीची परीक्षा होते.

आता यंत्राकडे येऊ. त्याच्या तळाशी जी गोल चकती असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारं चुंबकक्षेत्र जमिनीत जातं. वाटेत धातू आला की त्यात विजेचे भोवरे उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र कॉइलकडे परत येतं. हे परतीचं क्षेत्र किंचित उशिरा येतं. सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियमची पन्नी, प्रत्येकाचा उशीर वेगळा. या उशिरालाच तंत्राच्या भाषेत फेज म्हणतात, आणि पडद्यावर वस्तूचा जो आकडा येतो तो यावरून काढलेला असतो. मॅग्नेटाइटचे कणही कॉइलला उत्तर देतात, पण त्यांचं उत्तर जवळपास उशीर न लावता येतं. यंत्र बनवणाऱ्यांनी हाच फरक पकडला. ज्या फेजचं उत्तर जमिनीकडून येतंय ती फेज यंत्राला सांगायची, आणि यंत्रानं ती ऐकणं सोडून द्यायचं. या जुळवणीला ग्राउंड बॅलन्स म्हणतात.

एवढ्यानं भागलं असतं, पण परिमाणाचा प्रश्न उरतो. वस्तू लहान असेल आणि खोल असेल, तर खोली दुप्पट झाल्यावर तिचं उत्तर साधारण चौसष्टाव्या भागावर येतं. कारण कॉइलचं क्षेत्र खाली जाताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरतं आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तसंच विरतं. वस्तूचं उत्तर असं विरत असताना काळी माती मात्र कॉइलला चिकटून असते आणि तिचं उत्तर पूर्ण जोरात येत असतं. वरातीतल्या बँडच्या शेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकायची, तशी यंत्राची अवस्था होते. 'दहा फुटांवरचं सोनं दाखवतो' अशी जाहिरात हातात धरायच्या साध्या यंत्रासाठी कुणी करत असेल तर ती वाचून पान उलटा. चांगल्या, स्वच्छ मातीत एखादं नाणं वीत-सव्वा वीत खोल असेल तर ते नीट कळतं. आपल्या भारी काळ्या जमिनीत ही खोली निम्म्यावर येऊ शकते.

पडद्यावर जमिनीबद्दल दोन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात आणि गोंधळ इथेच होतो. पहिली म्हणजे ग्राउंड बॅलन्सचा आकडा. तो जमिनीची जात सांगतो. दुसरी म्हणजे मिनरलायझेशनची पट्टी, काही यंत्रांवर तिच्याशेजारी मॅग्नेटाइटचं रासायनिक सूत्र लिहिलेलं असतं. ती प्रमाण सांगते. जात आणि प्रमाण यांची गल्लत करू नका. आकडा नव्वदीकडे गेला म्हणजे जमीन फार खनिजयुक्त, असं अनेकजण धरून चालतात. पांढऱ्या वाळूत चार काळे कण असले तरी आकडा नव्वदीकडे जाईल, कारण ते कण मॅग्नेटाइटच्या जातीचे आहेत. पट्टी मात्र तळाशी राहील, आणि अशा जागी यंत्र निर्धास्त चालेल. उलट आकडा साठ-पासष्ट असून पट्टी वर चढलेली असेल, तर ती जमीन अवघड.

उदाहरणासाठी फिशर कंपनीच्या एफ-७५ या जुन्या, नावाजलेल्या यंत्राची मोजपट्टी घेऊ. त्यात ओल्या खाऱ्या वाळूसाठी आकडा ० ते १० च्या दरम्यान येतो. लाल, पिवळ्या, तपकिरी लोहयुक्त मातीसाठी ४० ते ७५. मॅग्नेटाइट आणि तशा काळ्या खनिजांसाठी ७५ ते ९५. प्रमाणाच्या पट्टीवर पाव टक्क्यापर्यंतची जमीन मध्यम, त्याच्यावर गेली की जास्त, आणि एक टक्का ओलांडला की भारी धरतात. इतर कंपन्यांची यंत्रं वेगळी मोजपट्टी वापरतात. मायनलॅबच्या इक्विनॉक्सवर आकडा उणे नऊपासून सुरू होतो. म्हणून शेजाऱ्याच्या यंत्राचा आकडा आपल्या यंत्राला लावू नका. आपल्या यंत्राची पुस्तिका उघडा, ती दोन वेळा वाचा, इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवा.

मोजणी कशी करायची तेही सांगतो. धातू नसलेली जागा शोधा. वस्तू गाळणारी सोय, म्हणजे डिस्क्रिमिनेशन, बंद करून यंत्र सगळ्या धातूंवर ठेवा. मग ग्राउंड बॅलन्सचं बटण धरून कॉइल जमिनीशी समांतर ठेवत खाली-वर करा, फूटभर उंचीपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत. आवाज सपाट होतो, आकडा एका जागी थांबतो. एफ-७५ सारख्या मोजपट्टीवर आकडा पंचविसाच्या खाली घसरला आणि तुम्ही समुद्रकाठी नसाल, तर कॉइलखाली लोखंडाचा तुकडा आहे असं समजा आणि दोन पावलं सरकून पुन्हा मोजा. लोखंडावर जुळवलेलं यंत्र दिवसभर खोटं बोलेल. तीन-चार ठिकाणी मोजून आकडे वहीत लिहा. सगळे जवळपास सारखे आले तर जमीन एकसारखी आहे. दर दहा पावलांवर आकडा पाच-सहानं हलत असेल तर जमीन मिसळलेली आहे, कुठे मुरूम, कुठे भर टाकलेली काळी, कुठे राख, आणि तिथे पुन्हापुन्हा जुळवत राहावं लागेल.

काही यंत्रं चालता चालता आपोआप जुळवणी करतात, त्याला ट्रॅकिंग म्हणतात. वारंवार बदलणाऱ्या जमिनीत ते सोयीचं असतं. पण एखादा क्षीण आवाज आला आणि तुम्ही त्याच जागेवर कॉइल दहा वेळा फिरवलं, तर यंत्र त्या वस्तूलाच जमीन समजून गप्प करू शकतं. आवाज तपासताना ट्रॅकिंग बंद ठेवा.

आणि ज्या यंत्राला ग्राउंड बॅलन्सची सोयच नाही, ते आपल्याकडे घेऊ नका. कारखान्यात एकदाच ठरवून दिलेली जुळवणी कुठल्या तरी सौम्य मातीसाठी असते. काळ्या रानात असं यंत्र एकतर सारखं ओरडतं किंवा खोलवरचं काहीच सांगत नाही. दोन-तीन हजारांत मिळालेलं खेळणं सात-आठ वर्षांच्या मुलांना अंगणात खिळे शोधायला ठीक आहे.

काळ्या रानाची स्वतःची काही लक्षणं आहेत, ती शेतकऱ्याला नव्यानं सांगायला नकोत, पण यंत्राच्या अंगानं ती बघितली पाहिजेत. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हातभर भेगा पडतात. कॉइल भेगेवरून गेलं की मातीची जागा हवा घेते, जमिनीचं उत्तर एकदम घटतं, आणि यंत्र दचकल्यासारखं बोलतं. नांगराच्या तासावर, उसाच्या सरीच्या कडेवर, उंदराच्या बिळावर तेच होतं. शिवाय अंगठी भेगेत पडली तर ती नांगरटीच्या थराच्या खाली जाते, तिथपर्यंत यंत्र पोचेलच असं नाही. पाऊस झाला की माती वीज वाहू लागते, आकडा खाली सरकू शकतो, म्हणून सकाळची जुळवणी दुपारच्या सरीनंतर पुन्हा करा. रानातला धोंडा उचलून कॉइलसमोर हलवून बघा. वाजला तर ओळखा की या रानातले बरेच आवाज दगडांचेच असणार.

कोकणात गणित वेगळं आहे. जांभ्यात लोहाची ऑक्साइडं ठासून भरलेली असतात, त्यात मॅग्हेमाइट नावाचं चुंबकी खनिजही असतं. त्याचे कण इतके बारीक असतात की त्यांचं चुंबकत्व कॉइलच्या क्षेत्रामागून रेंगाळत येतं, म्हणजे धातूसारखाच उशीर लावतं. एक फेज वजा केली की जमीन शांत होते, हा हिशेब तिथे पुरता लागू पडत नाही. सोनं शोधण्यासाठी ऑस्ट्रेलियात नावाजलेली जी महागडी पल्स पद्धतीची यंत्रं आहेत, ती मॅग्नेटाइटला फारशी जुमानत नाहीत, पण या रेंगाळणाऱ्या कणांपुढे त्यांनाही झगडावं लागतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, काळबादेवी, मिऱ्या, मालगुंड या भागात काळी वाळू आहे, इल्मेनाइटचे साठे म्हणून ती भूशास्त्राच्या पुस्तकांत नोंदलेली आहे. एका बाजूला काळं खनिज, दुसऱ्या बाजूला खारं पाणी. काळ्या वाळूसाठी आकडा वर न्यावा लागतो आणि खाऱ्या पाण्यासाठी तळाशी. एकाच वेळी एकच आकडा धरणाऱ्या साध्या यंत्राला भरतीच्या रेषेवर दोन्ही जमत नाही. सहलीत हरवलेली अंगठी शोधायची असेल तर ओहोटीला, कोरड्या वाळूत, सेन्सिटिव्हिटी कमी करून शोधा, किंवा एकाच वेळी अनेक कंपनसंख्या वापरणारं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याची मदत घ्या. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाच्या बाजूला, लाव्ह्याचा थर नाही. तिथल्या ग्रॅनाइटसारख्या खडकाच्या मातीत बऱ्याच ठिकाणी यंत्र जास्त मोकळं चालतं.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, तिच्याकडे येतो. जुनी गढी, पडका वाडा, गावाबाहेरचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड. लोक सांगतात, इतर ठिकाणी यंत्र गप्प होतं, गढीत शिरल्याबरोबर वाजायला लागलं, म्हणजे खाली काहीतरी आहे. खाली काहीतरी आहे हे खरं. पण ते काय असतं? माती भाजली गेली की तिच्यातल्या लोहाच्या साध्या ऑक्साइडांचं जास्त चुंबकी ऑक्साइडांत रूपांतर होतं. ल बोर्न या फ्रेंच संशोधकानं १९५०च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं. म्हणून चुलीची जागा, कुंभाराची भट्टी, खंगर विटा, खापरं, जळालेल्या घराची राखमाती, लोहाराच्या भट्टीतली मळी, या सगळ्यांचं चुंबकत्व शेजारच्या मातीपेक्षा जास्त असतं. पुरातत्त्वाचे अभ्यासक याच गुणाचा उपयोग करून न खणता जमिनीखालच्या भट्ट्या आणि चुली शोधतात. म्हणजे माणसं जिथे पिढ्यान्पिढ्या राहिली, रांधत राहिली, तिथे जमिनीचा आकडा बदलणारच आणि पट्टी चढणारच. यंत्र तुम्हाला तुमच्या पूर्वजांच्या चुली दाखवत असतं.

त्या चुलींची किंमत हंड्यापेक्षा कमी नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला असंच एक पांढरीचं टेकाड होतं. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं अख्खं गाव उजेडात आलं. त्यांची घरं कशी होती, ते काय पिकवत आणि खात, मेलेल्या लेकरांना घराच्या जमिनीतच कुंभांत कसं पुरत, हे सगळं मातीच्या थरांवरून वाचता आलं. वर्षानुवर्षं, वीत-वीत माती बाजूला करत, प्रत्येक खापर कुठल्या थरात होतं ते लिहीत हे काम झालं. तिथे आधीच कुणी रात्रीतून चार खड्डे घेतले असते, तर थर मिसळून गेले असते आणि त्या जागेपुरती ती गोष्ट कायमची पुसली गेली असती. असं टेकाड तुमच्या गावालाही असू शकतं. ते एकदाच वाचता येतं.

किल्ल्यांबद्दलही तेच. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. तिथल्या मातीत रुतलेला बंदुकीच्या गोळीचा एक शिशाचा तुकडासुद्धा, तो जिथे पडला तिथेच नोंदला गेला तर, लढाईची दिशा सांगू शकतो. पिशवीत घालून घरी आणला की ते फक्त शिसं. गडावर यंत्र नेऊ नका. कुणी फिरवताना दिसला तर पुरातत्त्व खात्याच्या चौकीदाराला किंवा पोलिसांना कळवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

यंत्र आणि जमीन यांबद्दलच्या अज्ञानावर काही टोळ्या पोट भरतात. अँटेनासारख्या दोन दांड्या असलेलं, 'दूरवरून सोनं ओळखणारं' यंत्र घेऊन ते गावात येतात. दांडी वळली की खाली धन. अशा दांडीच्या उपकरणांचा सगळ्यात भयंकर दाखला इराकचा आहे. एडीई-६५१ नावाचं उपकरण बॉम्ब ओळखतं असं सांगून जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश विक्रेत्यानं ते इराकला विकलं. नाक्यानाक्यांवर सैनिक त्याच्या भरवशावर गाड्या सोडत होते. आत काम करणारं काहीच नव्हतं, गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका गमतीच्या खेळण्यावरून ते बेतलेलं होतं. २०१३ मध्ये मॅककॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली. जे उपकरण जमिनीचा आकडा दाखवत नाही, जुळवणी मागत नाही, आणि तरीही पन्नास मीटरवरून सोनं सांगतं, ते शोधत काहीच नाही. यानंतर अशा टोळ्यांची पुढची पायरी बहुधा मांत्रिकाची असते. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. असल्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

मग यंत्राचा खरा उपयोग काय? भरपूर आहे. खुरपताना रानात पडलेली अंगठी. पेंढीबरोबर कडबाकुट्टीत जाऊ शकणारी खिळ्या-तारांची भानगड. डांबराखाली गाडला गेलेला पाण्याच्या व्हॉल्व्हचा झाकणपत्रा. जमिनीत हरवलेला बांधाचा लोखंडी खुंट. ही कामं यंत्र उत्तम करतं, फक्त अपेक्षा नीट ठेवा. मंगळसूत्र हरवलं तर लक्षात ठेवा की बारीक साखळीचं उत्तर फारच क्षीण असतं, कारण प्रत्येक कडी सुटी आणि चिमुकली असते. यंत्राला सापडतात त्या वाट्या. त्यामुळे कॉइल हळू, जमिनीला जवळजवळ टेकवून आणि आधीच्या फेरीवर अर्धं चढवत फिरवा. सोन्याची पातळ अंगठी, औषधाच्या गोळ्यांची पट्टी आणि बाटलीचं ॲल्युमिनियमचं बूच यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. सोन्याचा असा स्वतंत्र आकडा कुठल्याच यंत्राकडे नाही. आणि खनिजयुक्त जमिनीत खोल वस्तूचा आकडा लोखंडाकडे ओढला जातो. म्हणून हरवलेली वस्तू शोधताना लोखंडाचे आवाज सरसकट गाळून टाकू नका.

पट्टी वर चढलेली दिसली की लोक सेन्सिटिव्हिटी आणखी वाढवतात, खोल दिसावं म्हणून. करायचं नेमकं उलट. ती कमी करा, यंत्र शांत होईपर्यंत. जमिनीचा गोंगाट कमी झाला की क्षीण आवाज ऐकू येतो. लहान कॉइल लावा, त्याच्याखाली एका वेळी कमी माती येते. डबल-डी पद्धतीचं कॉइल असेल तर ते वापरा, त्याची नजर पट्टीसारखी अरुंद असते. कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर धरूनही कधी कधी निभावतं.

सुरुंग काढणाऱ्या पथकांची एक शिस्त आपण सगळ्यांनी उचलावी अशी आहे. अंगोला, मोझांबिक, कंबोडिया इथल्या काही भागांत आपल्या जांभ्यासारखीच लाल माती आहे, आणि तिथे यंत्राचं गप्प राहणं जिवावर बेतू शकतं. म्हणून ही पथकं कारखान्यानं सांगितलेल्या खोलीवर विसंबत नाहीत. त्याच जागेच्या मातीत ठराविक खोलीवर नमुन्याची वस्तू ठेवतात, यंत्राला ती कळते का बघतात, आणि मगच कामाला लागतात. तुम्ही अंगठी शोधायला निघाला असाल तर तशीच एक अंगठी दोऱ्याला बांधून त्याच रानात चार बोटं खोल पुरा. यंत्र वाजलं तर आणखी खोल, वीतभर. जिथे आवाज थांबला, तिथे त्या दिवशी त्या रानात तुमच्या यंत्राची हद्द संपली. त्याखाली काय आहे हे यंत्राला विचारू नका. यंत्र गप्प राहिलं म्हणून वस्तू तिथे नाही, असंही म्हणू नका.

घराचा पाया खणताना, विहिरीचा गाळ काढताना कधी खरोखरच जुनी नाणी किंवा दागिने निघतात. तेव्हा काय करायचं ते कायद्यानं ठरवून दिलेलं आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली की तिचं वर्णन, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख लिहून जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तसा जामीन द्यावा लागतो. लपवलं तर सापडणाऱ्याचा हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मात्र हा कायदा वाऱ्यावर सोडत नाही. शंभर वर्षांहून जुनं, बेवारस ठरलेलं धन असेल आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर साधारणपणे तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला मिळतो. सरकारला ते स्वतःकडे ठेवायचं असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देण्याची तरतूद आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या विक्रीवर आणि परदेशी पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत, त्यामुळे सोनाराकडे किंवा नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे आधी धाव घेऊ नका.

वस्तू दिसली की हात थांबवा. जागेवर असतानाच तिचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. नाणी चिंचेनं किंवा राखेनं घासू नका, भांड्यातली माती ओतून टाकू नका, कारण त्या मातीत धान्याचा दाणा, कापडाचा धागा असू शकतो. सगळं कोरड्या कागदात गुंडाळा, खड्डा प्लॅस्टिकनं झाका, पोलीस पाटलांना बोलावून पंचनामा करून घ्या, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे तहसील कार्यालयात जो अर्ज द्याल त्याच्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा.